डाव्या पायावरची खूण

दुसऱ्या प्रकरणात जखमेची खूण डाव्या गुडघ्याच्या वर होती. अठराव्यात ती उजव्या पायावर गेली. मी पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

तेव्हा मी मंगळवार पेठेतल्या एका प्रकाशनात कॉपी एडिटर होते. छपाईआधी हस्तलिखितातल्या चुका शोधायच्या, हे काम. प्रत्येक कादंबरीची मी यादी करायची: पात्र, वय, नातं, अंगावरची खूण, शेजारी तारीख. त्यातून निघालेल्या शंकांची क्वेरी लिस्ट लेखकाकडे जायची.

ही कादंबरी माझी कॉलेजमधली मैत्रीण सुनंदाची. ट्रॉयच्या युद्धाला गेलेला राजा वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी येतो. पाय धुताना म्हातारी दाई त्याला खुणेवरून ओळखते. ही जुनी ग्रीक कथा सुनंदानं दाईच्या तोंडून सांगितली होती. हीच कल्पना माझ्या वहीत सात वर्षं पडून होती. मुद्दे सव्वीस, लिहिलेली पानं शून्य. सुनंदानं गडमुडशिंगी या आपल्या गावाहून रोज बसनं नोकरीला येऊन-जाऊन दोन वर्षांत ती संपवली. आणि चांगली लिहिली. तेच मला सहन होत नव्हतं.

क्वेरी लिस्टमध्ये मी एकवीस शंका घातल्या. खूण घातली नाही. सगळी गोष्ट त्या एका पायावर उभी होती. चूक छापली गेली असती तर सुनंदाचं हसं झालं असतं. मला ते हवं होतं.

"आणि काय हाय का?" आमच्या मालकांनी, अण्णांनी, विचारलं. मी नाही म्हटलं.

तीन आठवड्यांनी सुनंदा फायनल प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या शेवटच्या प्रतीवर, सही करायला आली. एकदा वाचून घे, असं मी सुचवलं.

"मी कशाला? तू वाचलंयस न्हवं?" तिनं पेनचं टोपण काढलं.

मी पान उघडलं. "थांब. इथं पाय उजवा झालाय. आत्ता दिसलं."

तिनं दोन्ही पानं पाहिली. मग माझी यादी ओढून घेतली. खुणेच्या रकान्यात डावा आणि उजवा, दोन्ही लिहिलेले होते. शेजारी तारीख, तीन आठवड्यांपूर्वीची.

"तुझ्याकडनं कधी काय ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "हे तू मुद्दाम ठेवलं व्हतंस."

तिनं पाय डावा केला, सही केली आणि चहा न घेता गेली.

पुस्तक बिनचूक निघालं. पुढची कादंबरीही माझ्याकडेच तपासायला द्या, असा तिचा निरोप आला, पण अण्णांमार्फत.

माझी वही अजून सव्वीस मुद्द्यांवर आहे. कामात मात्र एक नियम वाढला: जी चूक लिहावीशी वाटत नाही, ती लिस्टमध्ये पहिली घालायची.