शिवलकरांच्या घराण्याचा इतिहास आणि डॉसची फ्लॉपी

मांडवीचे आत्माराम शिवलकर हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, ते फक्त ऑफिसातून. घरात त्यांची नोकरी चालूच होती आणि बायको कमळाबाई ही त्यांच्या हाताखालची एकुलती एक कर्मचारी होती. अठ्ठ्याऐंशी साली त्यांचा बोटीवरचा मेहुणा दादू याने सिंगापूरहून कॉम्प्युटर आणला. तो जोडून, चालवून दाखवून दादू परत बोटीवर गेला आणि आत्मारामांना दुसरा कर्मचारी मिळाला.

त्यांनी लगेच शिवलकर घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. खेडपासून नाटे गावापर्यंतच्या भाऊबंदांनी माहिती धाडली. ती इंग्रजी अक्षरांत एका बोटाने टाइप झाली की आत्माराम ते कागद बंबात घालायला देत. "मशीन काय विसरतंय थोडंच!" इतिहासात मूळपुरुषाला एक पान मिळालं होतं, आत्मारामांना अकरा.

मे महिन्यात एका सकाळी त्यांना डिस्कवर आपण न केलेल्या फायली दिसल्या. जुनी दप्तरं निकालात काढण्यात त्यांचा ऑफिसात हातखंडा होता. "कमांड डॉट कॉम? ह्या घरात कमांड देणारा हा कोण मेला?" म्हणत त्यांनी ती फाईल उडवली. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर.

"मला बॅड म्हणतो!" आत्माराम कडाडले.

अशा वेळेसाठी दादूने, मशीन ज्यावर चालतं त्या डॉसची फ्लॉपी देऊन ठेवली होती. कपाटातून काढली तर तिला बुरशी आलेली. आत्मारामांनी ती गच्चीवर आंबापोळीच्या ताटाशेजारी उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत पोळी छान वाळली आणि फ्लॉपी पापडासारखी वाकली. तशीच मशीनमध्ये सरकवली, तर आतून नारळ खवल्यासारखा आवाज आला.

मग ते एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात गेले. मदत मागायला नव्हे. "तुमची डॉस कितपत बरी आहे, तपासतो जरा," असं त्यांनी क्लासवाल्या गंगारामला सांगितलं. गंगारामने फ्लॉपी दिली आणि बजावलं, "काका, सिस्टीम तेवढी कॉपी करा. फॉरमॅट करू नका हां."

एवढ्यातला जिव्हाळ्याचा शब्द एकच होता, फॉरमॅट. ऑफिसात तीस वर्षं सगळं फॉरमॅटमध्येच तर चालायचं! घरी येऊन आत्मारामांनी फ्लॉपी सरकवली आणि मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात बघून तोच हुकूम टाइप केला. मशीनने इशारा दिला. तो त्यांनी ठासून वाचला, "ऑल डेटा ऑन नॉन-रिमूव्हेबल डिस्क विल बी लॉस्ट."

"लॉस्ट म्हणजे हरवेल ना हो?" कमळाबाईंनी विचारलं.

"आधीचं ऐक गो. नॉन-रिमूव्हेबल. काढता न येणारं. जे काढता येत नाही ते हरवेल कसं?"

सही ठोकावी तसं त्यांनी होकाराचं वाय दाबलं.

मशीन सुरू झालं. अगदी कोरं करकरीत. आत्मारामांनी इतिहास शोधला, परत शोधला, पण तो गेला तो गेलाच. कमळाबाईंनी चहा आणला, तो ते काही खोट न काढता प्याले. बाईंना तेव्हा खरी काळजी वाटली. पण रात्रीच्या जेवणापर्यंत दोष सिंगापूरच्या मालाचा, गंगारामच्या फ्लॉपीचा आणि थोडासा कमळाबाईंच्या बोलण्याचा ठरला होता, आणि ते पुन्हा ताठ बसले होते.

पुढच्याच आठवड्यात गावच्या देवळात भाऊबंदांचा मेळावा होता. इतिहास वाचायचा शब्द दिलेला. आत्माराम उठले आणि डॉस म्हणजे काय, यावर बोलत सुटले. पानं मांडलेली, भात निवत चाललेला. शेवटी खेडचे सखारामकाका कंटाळून म्हणाले, "आत्माराम, आमच्या आजोबांचं नाव घातलंस काय रे?"

"आजोबा सिस्टीममध्ये आहेत," आत्माराम म्हणाले.

काकांना काही उमगलं नाही, पण आजोबांचं नाव सरकारदरबारी लागल्यासारखं वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवायला बसायच्या आशेने बाकीच्यांनीही वाजवल्या.