सदर व्यक्तिमत्त्व

सत्काराच्या परिचयात आदर जरा जास्तच झाला, की मला संशय येतो.

आमच्या नाट्यमंडळात रेवतीताई नटांची रंगभूषा करतात. घरच्यांनी त्यांना मुलगा म्हणून वाढवलं. पुढे त्यांनी स्वतःच रेवती हे नाव घेतलं आणि हळूहळू सगळं गाव त्यांना ताई म्हणू लागलं. त्यांच्या सत्काराचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पण हाती आलेल्या परिचयात ताई कुठेच नाहीत! ‘सदर व्यक्तिमत्त्वाने रंगभूषेचे शिक्षण घेतले. सदर व्यक्तिमत्त्वास चहा प्रिय आहे.’

मी चिटणीसांना गाठलं. “नाना, एरवी ताई, ताई करत चहा मागता. आज हे काय?”

“कुणी दुखावायला नको, म्हणून.”

“कुणी म्हणजे कोण?”

नाना हारातली फुलं नीट करू लागले.

ज्या एका शब्दासाठी माणूस आयुष्यभर झगडला, तोच त्याच्या चरित्रातून गुपचूप काढायचा आणि वर शाल पांघरायची, यात मला चोरीचा वास येतो.

रेवतीताई विंगेत उभ्या होत्या. कागद वाचून म्हणाल्या, “यात मी नाहीये. शाल त्या व्यक्तिमत्त्वालाच घाला हं, मी निघते.”

मग काय, माइक माझ्याच हातात होता! “त्या रंगभूषा शिकल्या,” मी असा आवाज लावला की मागच्या रांगेतले पेंगणारेही दचकले. “त्या आमच्या नानांच्या टकलावर दर वर्षी नाटकात केस उगवायला लावतात!”

हशा पिकला. नाना हातवारे करत राहिले. मी विंगेकडे पाहिलं, आणि त्या आल्या.