गळ्यातली चुंबळ

कोणी दारात आलं की गोजरबाई त्याच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी मानेकडे. "मान अशी का धरलीस रे?" हे आधी आणि "ये, बस, पाणी घे" हे मागाहून. किन्हवलीच्या पुढे आत शिरलेल्या तिच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी रागवत नाही. ज्याची मान खरंच धरलेली असते तो मुकाट तिच्याकडे पाठ करून बसतो आणि ज्याची नसते तोही उगाच एकदा फिरवून बघतो.

तिचं कामच तसं. तीस वर्षं ती बाळंतिणींना तेल लावते आणि तान्ह्या पोरांना न्हाऊ घालते. आधी गावातल्या गावात, मग किन्हवलीत, सापगावात, आणि वाशिंदला उंच इमारती झाल्या तशी तिकडेही. तिथल्या सुनांची सासू एका गावात, आई दुसऱ्या गावात आणि नवरा सकाळीच कामावर. त्यांना येऊन-जाऊन करणारी बाई पुरत नाही, सव्वा महिना घरात राहणारी लागते. गोजरबाई पिशवीत दोन लुगडी, तेलाची बाटली आणि वेखंडाचा तुकडा टाकायची आणि निघायची. पोराची उशी मात्र तिथे गेल्यावर, पोर बघून शिवायची. मऊ सुती फडक्याची पिशवी, आत राई, तीही सैल भरलेली. मग पोराच्या मानेखाली दोन बोटं घालून बघायची आणि आईला सांगायची, "डोकं उचलायचं नाय गो, मान भरायची. डोकं आपलं आपण बसतं."

अशी ही गावोगावच्या माना बसवणारी बाई. पण परक्या घरी स्वतःची मान कुठे टेकवायची, हे काही तिला जमत नव्हतं. माणसाला दुसऱ्याचं जेवढं दिसतं तेवढं स्वतःचं दिसत नाही, त्याला ती तरी काय करणार?

घरी तिची एक उशी होती. काटेसावरीच्या कापसाची, लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बोंडं वेचून स्वतः भरलेली. वापरून वापरून इतकी चपटी झाली होती की नवरा, गणू, तिला भाकरी म्हणायचा. ही भाकरी गोजरबाई कामाच्या घरीही बरोबर न्यायची आणि तिच्यावर डोकं टेकलं की कुठेही झोपायची. मागच्या वर्षी वाशिंदच्या एका बाळंतिणीने प्रेमाने, अगदी खरोखरच्या प्रेमाने, ती वॉशिंग मशीनमध्ये घातली. बाहेर आली तेव्हा आत लिंबाएवढे गोळे झाले होते. त्या पोरीला रडू फुटलं आणि गोजरबाईलाच तिची समजूत काढावी लागली. "जाऊ दे गो, जुनीच होती." गोळे तेवढे तिने वाळवून पिशवीत ठेवले.

मग त्या घरातली उशी घेतली. ती फुगलेली, पांढरीशुभ्र, दिसायला राजाची. डोकं ठेवलं की मधोमध खड्डा पडायचा आणि दोन्ही बाजू कानांवर यायच्या. गोधडीची घडी करून बघितली, तर खालची गादी स्पंजची, घडी सरकून पाठीखाली जायची. आठवडाभर तिला धड झोप लागली नाही. मान आखडली, आणि मग डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या.

बाराव्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात पाय पसरून बसली होती आणि पोर तिच्या नडग्यांवर पालथं होतं. डावा हात पोराच्या छातीखाली, उजव्या हाताने ती पाठीवर पाणी घालत होती. डाव्या हाताची बोटं कधी बधिर झाली, ते तिला कळलंच नाही. पोर घसरलं. ओल्या लादीपासून चार बोटांवर तिने त्याला उजव्या हाताने धरलं. तांब्या घरंगळत दारापर्यंत गेला. पोर रडलंसुद्धा नाही. आई स्वयंपाकघरात होती, तिने आतूनच विचारलं, "काय पडलं मावशी?"

"तांब्या," गोजरबाई म्हणाली.

पोराला पुसून, धुरी देऊन तिने झोपवलं. दुपारी "नवऱ्याला बरं नाय" असं त्या पोरीला सांगितलं आणि ती घरी निघून आली. गणू ठणठणीत होता, बांध घालत होता. बायकोला अवेळी आलेली बघून त्याने कुदळ खाली ठेवली आणि तिचं तोंड बघून आधी पाणी आणून दिलं. त्यानंतर कामाचा निरोप घेऊन कोणी आलं की गोजरबाई म्हणायची, "आता वय झालं." लोकांना ते पटायचं. वय तर सगळ्यांचंच होतं.

पण पूजाचा फोन आला तेव्हा तिला हे उत्तर देता आलं नाही.

पूजा म्हणजे समोरच्या घरातल्या अनिताची मुलगी. अनिता आणि गोजरबाई एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या, एका विहिरीवर पाणी भरलं, आणि पूजा जन्मली तेव्हा तिला पहिलं न्हाऊ गोजरबाईनेच घातलं. अनिता दोन वर्षांपूर्वी गेली. पूजा नवऱ्याबरोबर हैदराबादला असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत खरी, पण माहेरी आता नुसता बाप उरला होता आणि त्याला चहापलीकडे काही करता येत नव्हतं.

"मावशी, ओमकार तुझं तिकीट काढतोय," पूजा म्हणाली. "रात्रभराची बस हाय. येशील ना? आई असती तर तुला विचारलं नसतं."

"बघते," गोजरबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ डाव्या हाताची मूठ उघडत-मिटत बसली. जायचं तर रात्रभर बसमध्ये बसून, मग सव्वा महिना परक्या गादीवर. आणि हाताखाली अनिताचं नातवंड. नाही म्हणायचं तर त्या पोरीला दुसरं होतं कोण?

शहापूरच्या डॉक्टरांनी मान फिरवून बघितली, मानेचा एक्स-रे काढायला लावला. म्हणाले, "मानेत नस दबते. मोठं काही नाही. झोपताना मान सरळ राहायला हवी, उशी नीट बघून घ्या." नीट म्हणजे कशी, हे त्यांनी सांगितलं नाही. बाहेर माणसं बसली होती.

तशीच ती बाजारात बॅगांच्या दुकानात गेली. दुकानदार दीपेश ओळखीचा, त्याच्या पोरीलाही तिनेच न्हाऊ घातलेलं. "परगावी न्यायची उशी हाय का रे?" तिने विचारलं. दीपेशने वरच्या फळीवरून एक करडी, गुबगुबीत, वाटोळी वस्तू काढून पुढ्यात ठेवली. ती बघताच गोजरबाईचा चेहरा खुलला.

"अरे, ही तर चुंबळ!" असं म्हणून तिने ती उचलून थेट डोक्यावर ठेवली. हंडा घेतल्यावर धरतात तशी मान ताठ धरली, एक हात वर नेला, दोन पावलं चालूनही बघितलं. मग म्हणाली, "पण एका बाजूने उघडी का ठेवली? हंडा घसरेल ना."

दुकानात बॅग बघायला आलेल्या दोन पोरी तोंडावर ओढणी घेऊन हसल्या. दीपेशने ओठ दाबून धरले. "मावशी, ती गळ्यात घालायची. बसमध्ये झोप लागली की मान कलंडते ना, ती कलंडू नये म्हणून."

गोजरबाई ओशाळली. पण दीपेशच्या समोर वस्तू परत ठेवणं तिला बरं वाटेना, म्हणून तिने ती घेतली.

परतीच्या एसटीत तिने ती गळ्यात घातली. मागची बाजू एवढी जाड की डोकं पुढे ढकललं गेलं आणि हनुवटी छातीला टेकली. उलटी फिरवली, तर हनुवटीला आधार मिळाला पण मानेमागची पोकळी मोकळीच राहिली. सापगाव यायच्या आत तिने ती चारदा फिरवली. समोरच्या बाकावरचा माणूस तोपर्यंत खिडकीबाहेर बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होता.

घरी गणूने बघितलं आणि तो म्हणाला, "अगो, हे काय, बैलाचं जू?"

तिने ती काढून ओटीवर फेकली. तिला राग गणूचा नव्हता. दुकानात आपलं हसू झालं, दिवस फुकट गेला आणि हात तसाच, याने ती चिडली होती. ती तिथेच पायरीवर बसली. दुकानातला तो प्रकार परत परत आठवत राहिला, आणि आठवता आठवता ती मधेच थांबली. चुंबळ वाटली ती काय अगदीच चुकीची वाटली? पण चुंबळ कधी कोणी दुकानातून आणतं का? जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा, पिळायचा, वळायचा, डोक्यावर ठेवून बघायचं, हंडा डुगडुगला की सोडून परत वळायचं. तिची चुंबळ अनिताच्या डोक्यावर कधी बसली नाही आणि अनिताची तिच्या. एका विहिरीवरच्या दोघी, पण चुंबळी दोन.

ती उठली आणि विळीवर त्या उशीची शिवण उसवली. आतून थर्माकोलचे बारीक दाणे असे उधळले की चतकोर ओटी पांढरी झाली. कोंबड्या धावत आल्या आणि फसल्या. गणूच्या केसांत, मिशीत दाणे. तो ते वेचत राहिला आणि गोजरबाई आत जाऊन पिशवीतले ते लिंबाएवढे गोळे घेऊन आली. सावरीचा कापूस तिने बोटांनी पिंजून पिंजून मोकळा केला. दोन्ही बाजूंना तो घट्ट ठासला, कान टेकला तरी दबू नये असा. मागे मात्र अगदी थोडा, सारखा पसरून. पुढे दोन नाड्या शिवल्या, म्हणजे झोपेत सरकायला नको.

मग ती चटईवर उताणी झोपली, उशी मानेखाली घेतली आणि गणूला म्हणाली, "अवो, जरा इकडे या. मानेखाली दोन बोटं घाला नि बघा, मान भरली का."

गणूला हे काम कधी कोणी सांगितलं नव्हतं. त्याने हात धोतराला पुसले, गुडघे टेकले आणि बायकोच्या मानेखाली बोटं घातली, अंड्याखाली हात घालावा तशी. "उजवीकडे पोकळ हाय," तो म्हणाला. तिने उठून उजवीकडे कापूस घातला. परत झोपली. "आता?" "आता जागा नाय." तीस वर्षांत तिची मान अशी कोणी बघितली नव्हती. तिला एकदम भरून आलं, आणि ते गणूला दिसू नये म्हणून ती त्यालाच ओरडली, "मिशीत दाणे हायत अजून."

घरी झोप लागून उपयोग नव्हता. घरी ती जमिनीवरही झोपायची. म्हणून दोन दिवसांनी ती मुरबाडला भाचीकडे, हेतलकडे, निघाली. हेतलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात स्पंजची जाड गादी होती, आणि गोजरबाईला नेमकी तीच हवी होती. "झोपायला पावनी जाणारी बाय पहिल्यांदाच बघतो," गणू म्हणाला. एसटीत नाड्या बांधून ती बसली आणि मुरबाड कधी आलं ते तिला कळलं नाही. बसच्या कंडक्टर बाईने, दर्शनाने, खांदा हलवला, "मावशी, उठा, शेवटचा स्टॉप."

तीन दिवस ती हेतलकडे राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तांब्या काठोकाठ भरला, डाव्या हातात घेतला आणि हात पुढे लांब धरून उभी राहिली. हेतल दुधाचा गॅस बंद करून बघायला आली. गोजरबाईने मनातल्या मनात आंघोळ घातली: डोकं, पाठ, मांड्या, पाय. पाणी हललं नाही. बोटं तिची होती, एकूण एक.

"झालं की मावशी," हेतल म्हणाली. "लाव पूजाला फोन, हो म्हण."

गोजरबाई गॅलरीत गेली आणि फोन हातात घेऊन बसून राहिली. हात बरा झाला, आता नाही म्हणायला कारण नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या लक्षात आलं की हो म्हणणं जास्त अवघड आहे. उशीने मान सरळ केली होती. त्या दिवशी "तांब्या" म्हणून जे झाकलं, त्याला उशी काय करणार?

पूजाने पहिल्याच रिंगला उचलला.

"मी येते म्हणायच्या आधी एक ऐक," गोजरबाई म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. बधिर झालेली बोटं, घसरलेलं पोर, चार बोटांवरची लादी, खोटं बोलून घरी आलेलं. "कोणाला सांगितलं नाय गो. तुझ्या गणूकाकालापण नाय. आता हात बरा हाय, तांब्या धरून बघितला. पण उद्याचं मी कसं सांगू? तू आई होणार, तुला माहीत पाहिजे."

तिकडे कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.

"त्या पोराला लागलं काय?" पूजाने विचारलं.

"नाय."

"मग तू ये, मावशी. न्हाऊ तूच घाल. मी समोर पाट घेऊन बसेन, माझे हात खाली धरून."

तीस वर्षांत गोजरबाईने एकाही आईला न्हाणीघरात थांबू दिलं नव्हतं. आया घाबरतात, मधेच ओरडतात, मध्ये हात घालतात. "लांब हो," हे तिचं ठरलेलं. आताही तेच ओठांवर आलं. पण त्या दिवशी त्या न्हाणीघरात आपण किती एकट्या होतो, हे तिला आज पहिल्यांदा कळलं, आणि ती रडायला लागली. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला तोवर ती रडत होती आणि पूजाने फोन तसाच धरून ठेवला होता.

"बस समोर," शेवटी नाक पुसून गोजरबाई म्हणाली. "पण हातावर कोरडा पंचा घे गो. ओल्या हातातून पोर निसटतं."