मागच्या सीटवरचा मुलगा

पोलीस ठाण्यात दोन खुर्च्या होत्या. एकीवर मॅडम बसल्या. दुसरीवर त्यांनी पर्स ठेवली. मी उभी.

सिल्व्हर पार्कात यांच्या घरी मी नऊ वर्षं पोळ्या लाटल्या. त्यांचा मुलगा सोळाचा, माझाही सोळाचा. त्या सकाळी त्यांच्या मुलाने बापाची मोटारसायकल काढली, माझ्या मुलाला मागे बसवलं. घोडबंदरला खाडीकडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याला उडवलं. त्याचा पाय मोडला.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मुलाला म्हणू द्या ना, मीच चालवत होतो. लहान आहे, त्याला काही होत नाही. आमच्याची ॲडमिशन आहे हो."

"तुमचाही सोळाचाच आहे. मग त्यालाही काही होणार नाही."

त्यांनी पर्स उचलली. मला वाटलं, बसायला सांगताहेत. त्यांना मोबाइल काढायचा होता.

मी नाही म्हटलं. पण आत माझ्या मुलाने आधीच हो म्हटलं होतं. वर, चावी न विचारता घेतली, हेही कबूल केलं होतं. का, विचारलं. म्हणाला, "काकू म्हणाल्या, मग आईचं काम सुटणार नाही."

ठाण्यातल्या साहेबांना सांगितलं, याला गाडी चालवताच येत नाही.

"बाई, येत नाही याचा पुरावा काय?"

मी मुलाची पँट वर केली. उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका. तो मागे बसणाऱ्यालाच बसतो.

साहेब म्हणाले, "मलम लावा."

काम मी त्याच दिवशी सोडलं.

त्यांचा मुलगा घरी गेला. माझा निरीक्षणगृहात. मोरव्याला आमच्या घरी चौकशीला आलेल्या बाईंनी अहवालात लिहिलं, वडील नाहीत, आई दिवसभर घराबाहेर असते. कोणाच्या घरी असायची, ते विचारलं नाही. बाल न्याय मंडळ म्हणालं, घरी पाठवणं मुलाच्या हिताचं नाही.

भेटायला जाते. तो फार बोलत नाही. तिथल्या मोठ्या मुलांनी त्याला एक गोष्ट शिकवलीय. चावीशिवाय गाडी कशी सुरू करायची.

चटका भरत आलाय. पुढच्या तारखेला खूणही दिसणार नाही. वकील म्हणतात, वाद घालू नका, लवकर सुटेल. शेजारीही तेच म्हणतात. सुटेलही. चोर म्हणून सुटेल.

मी प्रत्येक तारखेला जाणार. उभी राहून सांगणार, माझा मुलगा मागे बसला होता. तो स्वतः नाही म्हणाला, तरी.