दुपट्ट्याखालचा हात

पुंजाजी दलाल तोंडानं कमी बोलायचा. त्याची बोटं बोलायची. खामगावच्या बैलबाजारात चाळीस वर्षं त्यानं सौदे जुळवले ते असेच. तिथली रीत अशी की विकणारा इकडे, घेणारा तिकडे आणि मधात दलाल. दलाल खांद्यावरचा दुपट्टा विकणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि त्याखाली त्याची बोटं धरतो. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, त्यावरून भाव कळतो. मग तोच दुपट्टा घेणाऱ्याच्या हातावर. आकडा चारचौघांत फुटत नाही, म्हणून कोणाला कमीपणा येत नाही. वर तोंडानं दोघं एकमेकांच्या बैलाचा आणि बापाचा उद्धार करत असले तरी खाली काम चालू असतं. नियम एकच. सौदा ठरेपर्यंत हात सोडायचा नाही. ज्यानं हात काढला त्यानं सौदा मोडला.

पुंजाजीनं आपला हात आधी कधीच काढला नव्हता. एकदा एका गोऱ्ह्यानं त्याचा पाय तुडवला, अंगठ्याचं नख निघालं, तरी गडी हात धरून उभा. सौदा झाल्यावर म्हणाला, "आता कोनी माहा पाय पाहा."

असा हा पुंजाजी गेले पाच दिवस एका जागी बसत नव्हता. त्याचा पोरगा धम्मरत्न पोलिसात, नेमणूक गडचिरोलीला. जंगलात मोहिमेवर गेला की फोन बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण मोहीम दोन दिवसांची असायची, फार तर तीन. पुंजाजी अंगणातून लावून बघायचा, मग गोठ्यातून, मग पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून वरून, जसं काही नेटवर्क इकडचंच गेलं होतं. फोनमधली बाई कुठूनही लावला तरी तेच, "आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता तो सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे."

जनकाबाई, त्याची बायको, तव्यावरची भाकर उलटत त्या बाईला उत्तर द्यायची. "बाहेर आहे थे आमाले मालूम आहे. कुठं आहे थे सांग ना वं माय."

त्याच दिवसांत अमडापूरच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत टीव्ही लागलेला होता. जंगलातल्या बंदूकवाल्यांनी पत्रक काढलं होतं की आम्ही बोलणी करायला तयार आहोत. सरकार म्हणत होतं, आधी बंदुका खाली ठेवा. टीव्हीवरची बाई विचारत होती, "चर्चा करावी की नाही? मला थेट उत्तर हवंय, हो की नाही?" आणि चार चौकटींतली चार माणसं एकदमच थेट उत्तर देत होती, त्यामुळे कोणाचंच ऐकू येत नव्हतं.

रवी तिथंच होता. ग्रामपंचायतीचा नवा सदस्य, स्वतःची छोटा हत्ती गाडी चालवतो, आणि निवडून आल्यापासून त्याला "या ठिकाणी" लागलंय. चहा मागवतानाही तो "या ठिकाणी दोन कट" म्हणतो.

"पुंजाजीबाबा," तो म्हणाला, "तुमचं पोरगं तिथं आहे. तुमीच सांगा या ठिकाणी. बोलावं काय यायच्याशी?"

पुंजाजी फोन या हातातून त्या हातात करत होता. "बोलाव लागते," तो म्हणाला. "आधी बंदूक ठेव मंग बोलू म्हनलं तं कोन ठेवीन? भाव ठरायच्या आधी कोनी बैलाचं दावं हातात देते काय?"

"पन हे बैल नाही ना बाबा."

"मानसं आहेत म्हनूनच म्हनून राह्यलो."

मागच्या बाकावर कोणीतरी बशी खाली ठेवली. पुंजाजीनं वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. अर्जुनराव बसले होते. त्यांचा पोरगा हरिओमसुद्धा गडचिरोलीलाच पोलिसात होता. सात वर्षांपूर्वी रस्त्यात पेरलेल्या सुरुंगावरून त्याची गाडी गेली. शाळेच्या फाटकावर आता त्याचं नाव आहे.

"त्या रस्त्यानं काही नाही, असा शब्द देला होता तिथल्या एका मानसानं," अर्जुनराव म्हणाले. आवाज वर नाही, खाली नाही. "इकडचेबी त्याचं आयकत, तिकडचेबी आयकत. त्या शब्दावर गाडी गेली. तुह्यासारखाच मधातला मानूस होता थो, पुंजाजी."

ते उठून गेले. टपरीवाल्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, तेव्हा कळलं की टीव्ही अजून चालूच होता.

तेव्हापासून दोघांचा अबोला. रवीला मात्र त्यातून कल्पना सुचली. ग्रामसभेत ठराव घ्यायचा की सरकारनं बंदूकवाल्यांशी कुठलीही चर्चा करू नये, आणि पहिले दोन हात वर करायचे या दोघा बापांनी. "फोटो येते पेपरात," तो म्हणाला. पुंजाजीनं पुन्हा फोन लावला.

अडचण अशी की अबोल्याच्या आधीच अर्जुनरावांची बैलजोडी विकायचं ठरलेलं होतं. त्यांचे गुडघे गेलेले, औत धरणारं घरात कोणी उरलं नव्हतं. आणि दुसऱ्या कोणाच्या बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी रवीच्या गाडीत मागे बैलांपाशी अर्जुनराव, पुढे पुंजाजी, असे ते खामगावला निघाले.

"रवी, त्यायले विचार, बैलायले पानी पाजलं काय."

"काका, बाबा विचारतेत पानी पाजलं काय."

"सांग त्याले, माहे बैल आहेत, मले समजते."

"बाबा, काका म्हनतेत..."

"आयकलं मी."

बाजारात पुंजाजीनं अर्जुनरावांच्या हातावर दुपट्टा टाकला. तोंडं दोन दिशांना, पण बोटं नेहमीसारखीच सरळ बोलली. अर्जुनरावांनी भाव दिला, पुंजाजीनं थोडं दाबून खाली आणला, त्यांनी अर्धं पेर मान्य केलं. घेणारा सुलतानपूरचा होता, पानानं गाल भरलेला. बैलाचे दात पाहून, शेपटी ओढून, पाय ठोकून झाल्यावर त्यानं हात दिला. बोटं पुढे सरकत गेली. एका पेराचं अंतर उरलं.

तेवढ्यात पुंजाजीच्या खिशात फोन वाजला.

हात कधी बाहेर आला ते त्याला कळलंच नाही. दोन्ही हातांनी त्यानं फोन कानाला लावला. "प्रिय ग्राहक," बाई म्हणाली, "आपला रिचार्ज लवकरच संपत आहे."

सुलतानपूरवाला दुपट्ट्याची घडी करून त्याच्यापुढे धरत होता. "झालं मंग, भाऊ."

"थांबा, थोडंच राह्यलं होतं."

"हात तुमीच काढला ना." पान थुंकून तो दुसऱ्या जोडीकडे गेला.

आसपासचे दलाल पाहत होते. कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट. पुंजाजी बैलांच्या आडोशाला जाऊन उभा राहिला आणि घडी केलेला दुपट्टा पुन्हा पुन्हा उलगडत राहिला.

परतताना तो पुढे बसला नाही. मागे बैलांपाशी चढला, अर्जुनरावांच्या समोर. गाडी खड्ड्यात गेली की दोघं आणि दोन बैल एकदमच हलत. अर्जुनरावांनी विचारलं, "कोनाचा होता?"

"त्या बाईचा. रिचार्ज संपून राह्यलं म्हने."

अर्जुनराव बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "हरिओमच्या नंबरवर मी सहा महिने रिचार्ज मारत होतो. बंद नाही पडला पाह्यजे म्हनून." मग म्हणाले, "मीबी काढला असता हात."

पुंजाजीनं टपरीपासून पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "भाऊ, थो मधातला मानूस. त्यानं खोटा शब्द देला, का त्यालेबी मालूम नव्हतं?"

"कोनाले मालूम. थोबी आठ दिवसानं मारला गेला. कोनी मारला, थेबी कोनी सांगत नाही."

गाडी चढाला लागली. बैलानं पुंजाजीच्या मांडीला नाक लावलं, त्यानं ते सरकवलं नाही.

"उद्या हात वर करान तुमी?"

"करीन."

"मी नाही करनार."

"माईत आहे," अर्जुनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या टिनाच्या शेडात सभा भरली. पुंजाजी फोन हातात धरून बसला होता. अर्जुनराव आले, सगळीकडे पाहिलं आणि त्याच्याच शेजारी बसले. रवीनं माईक ठोकला. "तर या ठिकाणी मी असा ठराव या ठिकाणी मांडतो..." ठराव वाचून झाला. "मान्य असनाऱ्यायनं हात वर करा. पहिले अर्जुनकाका."

अर्जुनरावांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. आणि पुंजाजीच्या हातात फोन थरथरला. काचेवर नाव होतं, "धम्मा". पुंजाजीचा अंगठा काचेवरून घसरत होता, एकदा, दोनदा. अर्जुनरावांनी उचललेला हात खाली आणून त्याचा दुसरा हात धरला. गच्च. खांद्यावरचा दुपट्टा घसरून दोघांच्या हातांवर पडला. तिसऱ्यांदा अंगठा लागला.

"बाबा, मी हाव. नेटवर्क नव्हतं."

"जेवला काय?"

"हाव. आई बरी आहे काय? उद्या परत जातो, फोन लागनार नाही. घाबरजा नका."

"दे इकडं," अर्जुनरावांनी डाव्या हातानं फोन घेतला. "धम्मा, अर्जुनकाका बोलतो. रस्ता मोकळा आहे असं कोनीबी सांगो, आपल्या डोयानं पाह्यल्याशिवाय पाय नको टाकजो. बरं. ठेव."

शेडात हात वर झाले होते. रवी मोजत मोजत त्यांच्यापाशी अडला. "अर्जुनकाका, तुमचा हात या ठिकाणी?"

"गुंतला आहे."

रवीनं कागदावर काहीतरी लिहिलं, ठराव मंजूर म्हणाला आणि दिवाबत्तीच्या विषयाकडे वळला.

"बैलायचं काय?" पुंजाजीनं हळूच विचारलं.

"पुढच्या बजारी नेऊ. पन फोन माह्यापाशी देजो," अर्जुनराव म्हणाले. "वाजला तं मी उचलीन."