लिंबूचाचांची कोर

फरशीच्या व्यापाऱ्यानं लिंबूचाचांना फसवलं. लोकांनी मात्र लिंबूचाचांनी मला फसवलं असं धरलं, आणि असं धरणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

चाचा ओटे बसवायचे. सदऱ्याच्या खिशात कायम एक लिंबू असायचं, म्हणून लिंबूचाचा. खरं नाव त्यांच्या गल्लीत सोडून शहरात कुणी घेत नव्हतं. दगड बघायला गेले की आधी बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकायचे, मग लिंबू चिरून त्याची फोड दगडाच्या कोपऱ्यावर पालथी ठेवायचे आणि चहा मागवायचे. चहा संपला की फोड उचलून ओल्या फडक्यानं पुसायचे. दगड होता तसा काळाभोर राहिला तर पक्का. फिकट डाग उठला तर कच्चा, स्वयंपाकाच्या कामाचा नाही. याला ते दगड चाखणं म्हणायचे.

मी मूळची सिल्लोडकडची. घरात मेंढरं होती, शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर शहरात येऊन औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत खानावळ काढली. जिभेवर आणि हातावर पोट भरलं. भाजीवाला, किराणावाला, रॉकेलवाला, कुणाचा पहिला भाव मी कधी मान्य केला नाही. पहिली सहा वर्षं शहाबादी फरशीच्या ओट्यावर काढली. हळद, तेल, चिंच पिऊन ती फरशी इतकी कळकट झाली होती, की रोज घासूनही तिला वास यायचा. तेव्हा शहरात काळं ग्रॅनाइट नुकतं येऊ लागलं होतं. मला तसा ओटा पाहिजे होता. माझ्या कष्टाची तेवढी एकच वस्तू मला लोकांना दाखवायची होती.

फरशीच्या दुकानात चाचांनी आधीच मला बजावलं, "बाई, भाव तुम्ही करा, पत्थर मी करतो. तुमचा गुस्सा पत्थरापाशी आणायचा नाय."

त्यांनी लिंबू काढलं तसे दुकानाचे शेठ हसले. "चाचा, दगडाचं सरबत करता काय?"

"हौ शेठ. कच्चा निकला तो पहला गिलास तुमकूच."

तीन दगड नापास झाले. चौथ्यावर चहा संपला, फडकं फिरलं, आणि दगड आरशासारखा तसाच. चाचांनी तो उलटा करवून घेतला आणि मागच्या कोपऱ्यात छिन्नीनं बोटभर चंद्रकोर मारली. ही त्यांची खूण. चाचा डावखुरे, हातोडी डाव्या हातात, छिन्नी उजव्या. त्यामुळं त्यांची कोर नेहमी उजवीकडे उघडायची. माझ्या मसाल्याच्या पाट्यावर तशीच एक होती. पाटा टाकवायला, म्हणजे छिन्नीनं परत खडबडीत करायला, तेच यायचे. खूण मारली म्हणजे चाचांनी जबान दिली. त्यानंतर त्या दगडाला ते परत लिंबू लावत नसत. "एकबार चख लिया. आता परत चखणं म्हणजे शेठला चोर म्हणणं."

मी मात्र नंतर तासभर भावावर बसले. शेठच्या तोंडाला फेस आणला. शेवटी ते म्हणाले, "घ्या बाई, न्या." मी मान ताठ करून घरी आले.

आठ दिवसांनी दगड मापात कापून, कडा घासून आला. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी कोपरा बघितला, कोर दिसली, ओटा बसवला. माती आणि सिमेंट पुसून शेंगतेलाचा हात दिला आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. तापलेला तवा थेट ठेवायचा नाही, खाली पाट घ्यायचा. आणि लिंबू-चिंच सांडलं तरी घाबरायचं नाही. "ये पत्थर तुमच्या सुनेला पुरतो. तिच्या सुनेलाबी."

महिनाभरात ओट्यावर फिकट डाग उठले. लिंबं चिरायची जागा, कोशिंबिरीची जागा, दह्याच्या पातेल्याचा गोल. पुसायचं फडकं काळं निघायला लागलं. रंग पाजलेला कच्चा दगड होता तो.

मी चाचांना बोलावलं ते भर जेवणाच्या वेळेला. वीस-बावीस माणसं ताटावर होती. त्यांच्यासमोर मी बोलले, "काय चाचा, म्हातारपणी लिंबू शेठला विकलं व्हय?"

चाचांनी दगडावरून तळवा फिरवला. मग गुडघ्यावर बसले, ओट्याखाली हात घातला आणि कोपऱ्यातल्या खुणेवरून बोट फिरवत राहिले. एकदा, दोनदा.

"बाई," ते म्हणाले, "ये मेरी कोर नाय. ये उलटी है."

"उलटी नि सुलटी तुमची तुम्ही बघा. माझा ओटा गेला."

शेठला बोलावणं धाडलं. ते आले, वाकून कोर बघितली, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मायेनं म्हणाले, "चाचांचा हात आता थरथरतो हो. पडली असंल उलटी. वयच झालं, त्यांना काय बोलायचं?"

चाचांनी खांद्यावरचा हात बाजूला केला. जेवणारी माणसं परत भाकरी मोडायला लागली.

ताटावर बसलेल्यांत दोन गवंडी होते, एक ठेकेदार होता. पंधरा दिवसांत शहरभर झालं, की लिंबूचाचाचा हात गेला आणि जीभही गेली. त्यांना कुणी बोलावेना. तरी पुढचे चार-पाच शुक्रवार ते जुम्म्याच्या नमाजानंतर माझ्याकडं आले. तेलाचं फडकं घेऊन डागांवर घासत बसायचे. तेल पिऊन दगड काळा दिसायचा, दोन दिवसांनी परत उघडा पडायचा. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. चहाही विचारत नव्हते. पाचव्या का सहाव्या जुम्म्याला ते आले नाहीत. खुलताबादला लेकीकडं गेले होते, दर्ग्याच्या वाटेवरच्या तिच्या फुलांच्या दुकानात बसायचे, असं कळलं. एकदा तिकडून आलेल्या माणसाबरोबर त्यांनी निरोप दिला: ओट्याला दर जुम्म्याला तेल लावते का, बाईला विचारा.

लावत होते. पण तसं कळवलं नाही. चाचा वारल्याचं मला महिनाभरानं समजलं.

दगड बदलायचा हट्टानं टाळला. वीस वर्षं त्याच ओट्यावर चाललं. मग खानावळ वाढवली, नवा ओटा घालायचा झाला, आणि फिरत फिरत मी त्याच दुकानात गेले. गल्ल्यावर शेठचा मुलगा. मी भाव पाडत होते. भाव करताना माझा अंगठा टेबलाच्या कडेवर आणि बोटं खाली चालत असतात, जुनी सवय. गल्ल्याच्या काळ्या दगडाखाली कोपऱ्यात बोटाला खाच लागली.

मी वाकून बघितलं. बोटभर कोर, उजवीकडे उघडलेली.

तिथूनच रिक्षा केली आणि घरी येऊन ओट्याखाली बसले. ओट्याची कोर डावीकडे उघडत होती. पाटा ओढून शेजारी ठेवला. पाट्याची आणि गल्ल्याची एक, ओट्याची वेगळी. चाचांनी चाखलेला माझा दगड शेठनी गल्ल्याला ठेवला होता, आणि मला कच्चा देताना त्यावर खोटी कोर मारली होती. वीस वर्षं सिलिंडर बदलताना मी त्या ओट्याखाली किती वेळा वाकले असेन. बघितलं कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्या दोन कोरींचं विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा सांगतात, तुम्ही भावच इतका पाडला होता. त्या भावात तो दगड परवडत नव्हता."

मग शेठनी तोंडावर नाही म्हणायचं होतं. भाव मी पाडला होता, तर मला कच्चा माल द्यायचा होता आणि तो कच्चा आहे असं मला सांगायचं होतं. शिव्या मी दिल्या असत्या, ऐकल्याही असत्या. चाचांनी तर त्यात काही मागितलं नव्हतं. त्यांची खूण का चोरली?

मी खुलताबादला गेले. चाचांची लेक आता माझ्या वयाची दिसते. फुलांच्या टोपल्यांसमोर उभं राहून मी तिला सगळं सांगितलं: मी काय बोलले, किती जणांसमोर बोलले, आणि चाचा खरं सांगत होते ते. तिनं ऐकून घेतलं. "अब्बा आखिर तक हाथ देखते थे अपना," ती म्हणाली. "समोर धरायचे आणि बघायचे, हिलता क्या."

माझं मी सांगून आले आहे. शेठ अजून आहेत, सकाळी दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात, कान शाबूत आहेत. शेठ, तुमच्या गल्ल्याखालची कोर मी बघितली आहे. खुलताबाद काही लांब नाही. त्या टोपल्यांसमोर उभे राहा, आणि माझ्या ओट्यावरची उलटी कोर कुणी मारली, ते तिला सांगा.