हॅमर शॉपमधला ग्रंथपाल

साहेबराव ओव्हाळांना ऐकू येत नाही, हे सगळ्यांत आधी त्यांच्या बायकोला कळलं. कुरुळीच्या घरात तानुबाई चुलीपाशी बसून काही विचारायची आणि साहेबराव भलतंच उत्तर द्यायचे. मीठ मागितलं तर पाणी आणून द्यायचे. नवरा मुद्दाम करतो असं वाटून आधी तिला राग यायचा. मग एका दुपारी तिनं त्यांच्या पाठीमागं पितळी हंडा दगडावर आपटला. साहेबरावांनी मानसुद्धा वळवली नाही.

ती समोर येऊन उभी राहिली. "तुमास्नी ऐकू येत न्हाई."

"येतंय की."

"मग आत्ता म्या काय आपटलं?"

 साहेबरावांना स्वतःला ते केव्हाचंच माहीत होतं.

१९६३ साली ते चिंचवडच्या एका फोर्जिंग कारखान्यात लागले होते. तिथल्या हॅमर शॉपमध्ये लालबुंद लोखंडावर यंत्राचा घण पडला की पायाखालची जमीन हादरायची. माणसं कानात कापसाचे बोळे घालायची आणि एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायची. पाळी संपल्यावर तासभर कानात गुंई आवाज राहायचा. पुढं तो कायमचाच राहिला. आधी पाखरांचे आवाज गेले, मग बांगड्यांचे, मग पोरांचे. पुरुषांचं जाड आवाजातलं बोलणं सगळ्यांत शेवटी गेलं. तोवर साहेबराव समोरच्याच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखायला शिकले होते, आणि कारखान्यात कुणाला पत्ता लागला नव्हता. लागला असता तर काम गेलं असतं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

१९७१च्या उन्हाळ्यात ते झाकणं संपलं. नाशिक रस्त्यानं ते सायकलवर कामाला निघाले होते. मागून आलेला ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी त्यानं ब्रेक दाबला. तरी सायकलचं मागचं चाक ट्रकखाली गेलंच. साहेबरावांचं कोपर फक्त सोलवटलं. कंपनीच्या डॉक्टरनं कोपर बघता बघता कानही बघितले आणि कागदावर लिहून दिलं, या माणसाला हॅमरवर ठेवू नये.

मग ठेवायचं कुठं? गेटवर चालणार नाही, क्रेनखाली चालणार नाही. पंधरा दिवस साहेबराव लेबर ऑफिसच्या बाकावर बसून होते. तेव्हा सोपानराव मदतीला आले. सोपानराव मशीन शॉपमध्ये कामाला होते आणि स्टेशनजवळच्या कामगार वाचनालयाचे कार्यवाह होते. जागा आणि एका माणसाचा पगार कंपनीचा, बाकी कारभार कामगारांचा, असं ते वाचनालय होतं. जुना माणूस नोकरी सोडून गावी गेला होता.

"मॅट्रिक आहात ना?" सोपानरावांनी विचारलं.

साहेबराव मॅट्रिक होते. कुरुळीच्या त्यांच्या वस्तीतले पहिले. चाकणच्या शाळेत पायी जाऊन शिकले होते आणि कारकुनाची खुर्ची मिळेल म्हणून आठ वर्षं वाट बघून मग हॅमरवर उभे राहिले होते. आता सोळा वर्षांनी ते प्रमाणपत्र ट्रंकेतून निघालं.

वाचनालय म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, सात कपाटं आणि एकोणीसशे पुस्तकं. साहेबरावांना ते लगेच मानवलं. त्यांनी फाटक्या पुस्तकांना खळ लावली, तपकिरी कागदाची वेष्टणं घातली, पाठीवर ठसठशीत अक्षरात नावं लिहिली. कामगार यायचे आणि हवं ते बोट दाखवून घेऊन जायचे. कुणाचं बोलणं कळलं नाही तर साहेबराव कागद-पेन्सिल पुढं सरकवायचे. दोन वर्षं बरी गेली.

मग सरकारी अनुदानासाठी वाचनालयाची तपासणी झाली. निरीक्षकांनी कपाटं बघितली, नोंदवही चाळली आणि सोपानरावांना म्हणाले, "पुस्तकं नीट आहेत. पण ग्रंथपाल प्रशिक्षित लागतो. ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र असलेला. नाहीतर वाचनालयाला अनुदानाचा वरचा वर्ग देता येणार नाही."

निरीक्षक गेल्यावर सोपानरावांनी ते साहेबरावांना कागदावर लिहून दाखवलं. साहेबरावांनी विचारलं, "म्हणजे शिकायचं?"

"पुण्यात वर्ग असतो. सहा महिन्यांचा, शनिवार-रविवार. मॅट्रिक झालेल्याला घेतात," सोपानराव सावकाश, ओठ हलवून म्हणाले. मग पुढं म्हणाले, "नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, भाऊ. मी आधीच सांगून ठेवतो."

अडतिसाव्या वर्षी साहेबराव परत वर्गातल्या बाकावर बसायला गेले.

पहिल्याच शनिवारी त्यांच्या लक्षात आलं की आपला इथं निभाव लागणं अवघड आहे. ओठ वाचता येतात ते ओळखीच्या शब्दांचे. 'पाळी', 'साहेब', 'जेवण झालं का' हे कुणाच्याही तोंडावर कळायचं. पण दाखलनोंद, तालिका, वर्गांक हे शब्द त्यांनी कधी ऐकलेच नव्हते, तर ते दिसणार कसे? त्यात शिकवणारे सर अर्धा वेळ फळ्याकडं तोंड करून बोलायचे. साहेबराव पहिल्या बाकावर बसूनही कोरडेच राहिले. फळ्यावर पडलं तेवढं त्यांनी उतरवून घेतलं. बाकीचं ते शेजारच्या वहीत डोकावून बघू लागले.

शेजारी बसायची ती कमरुन्निसा तांबोळी. वय बावीस. तिचे वडील नूरमोहम्मद थेरगावात सायकली दुरुस्त करायचे. ती चिंचवडच्या एका मुलींच्या शाळेत वाचनालय सांभाळत होती, पण तात्पुरती. प्रमाणपत्र आणलंत तर कायम करू, असं शाळेनं सांगितलं होतं. हा मोठा माणूस आपल्या वहीत बघतो हे तिला आवडलं नाही. तिनं हात आडवा धरला. दुसऱ्या रविवारी ती सरळ मागच्या बाकावर जाऊन बसली.

त्या दिवशी दोघंही चिंचवडच्या एकाच बसच्या रांगेत आले. साहेबराव तिच्यापाशी गेले.

"ताई, तुम्ही जागा बदललीत ती माझ्यामुळं. मी नक्कल करणारा माणूस नाही. मला ऐकू येत नाही."

कमरुन्निसा त्यांच्याकडं बघत राहिली. "अजिबात?"

"हॅमर शॉपमध्ये होतो."

"मग सरांना का नाही सांगत?"

"सांगितलं तर घरी बसा म्हणतील. तुम्हीही सांगू नका."

 पुढच्या शनिवारी ती पुन्हा पहिल्या बाकावर आली. तिनं वहीत कार्बन घातला होता. तास संपल्यावर तिनं खालची पानं काढून त्यांच्यासमोर ठेवली. "ओव्हाळकाका, तुमची."

बसमध्ये साहेबराव ती पानं वाचू लागले. तिनं सगळंच लिहिलं होतं. पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत कसं चढवायचं, दहा मुख्य वर्ग कोणते, आणि मध्येच कंसात, 'सर फळ्याकडे बघून पुटपुटले, मलाही कळलं नाही.' खाली एका ठिकाणी, 'सरांनी विनोद केला. पुस्तक हरवलं तर वाचकाला दंड होतो, ग्रंथपाल हरवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दोघंच हसले.'

साहेबराव बसमध्ये मोठ्यानं हसले. शेजारचा माणूस वळून बघू लागला. साहेबरावांचे डोळे भरून आले होते, आणि ते कशानं हे त्यांना घरी पोचेपर्यंत उमगलं नाही. दोनतीन वर्षांत त्यांना कुणी विनोद सांगितला नव्हता. लोक त्यांच्याशी गरजेपुरतं बोलायचे. जेवा, उठा, हे पुस्तक द्या. बाकीचं, वाया जाणारं, हसण्यावारी नेण्याचं बोलणं त्यांच्या वाट्याला येणं बंद झालं होतं.

सहा महिने कार्बनची पानं येत राहिली. साहेबराव ती कुरुळीला ओसरीवर बसून पाठ करायचे. तानुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती घरातली वस्तू उचलून धरायची आणि साहेबराव त्या वस्तूवरच्या पुस्तकाचा वर्गांक, म्हणजे विषयाला ठरलेला आकडा, सांगायचे. विळा दाखवला की शेती, सहाशे तीस. तवा दाखवला की स्वयंपाक, सहाशे एकेचाळीस. एकदा तिनं स्वतःकडंच बोट केलं आणि साहेबराव अडले.

लेखी पेपर चांगले गेले. तोंडी परीक्षेत मात्र घात झाला. परीक्षकांच्या तोंडात पान होतं, ओठ हलले न हलले. साहेबरावांनी अंदाजानं उत्तरं दिली. नाव विचारलं तेव्हा वाचनालयाचं नाव सांगितलं, पुस्तकांची संख्या विचारली तेव्हा स्वतःचं वय सांगितलं. परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. निकाल लागला तेव्हा कमरुन्निसा दुसऱ्या वर्गात पास झाली होती. साहेबराव तोंडीत नापास.

सोपानरावांनी आणखी सहा महिने सांभाळून घेतलं. "यापुढं माझ्या हातात नाही," असंही त्यांनी सांगितलं.

एका दुपारी कमरुन्निसा वाचनालयात आली. शाळेनं तिला कायम केलं होतं, त्याचे पेढे घेऊन. पेढे ठेवून तिनं टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'या वेळी आत गेल्यावर पहिलं वाक्य तेच बोला.'

"आणि काढलं तर?"

'न बोलता तर काढलंच ना,' तिनं लिहिलं.

साहेबरावांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या खेपेला परीक्षक तेच होते. पानही होतं. साहेबराव खुर्चीत बसले, हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत नाही. कृपा करून प्रश्न लिहून द्या."

 परीक्षक उठून खिडकीबाहेर पान थुंकून आले आणि कागद घेऊन लिहू लागले. पहिला प्रश्न नियमाचा नव्हता. 'ऐकू येत नाही, तर वाचकाला काय हवं ते तुम्हाला कळतं कसं?'

साहेबरावांनी ते दोनदा वाचलं.

"साहेब, आमच्या हॅमर शॉपमधली निम्मी माणसं माझ्यासारखीच होत चाललीत. ती ओरडून बोलतात. दुसऱ्या वाचनालयात त्यांना गप्प बसवतात. माझ्याकडं ओरडलं काय आणि नाही काय, सारखंच. ती चिठ्ठी लिहितात. लिहिता येत नाही ती माझा हात धरून कपाटापाशी नेतात. माणूस कुठल्या कपाटापाशी घुटमळतो, कुठलं पुस्तक उचलून परत ठेवतो, ते मी बघत असतो. मला तेवढंच काम आहे."

परीक्षकांनी मान हलवली आणि पाच पुस्तकं पुढं ठेवली, वर्गांक देण्यासाठी. चार बरोबर आली. पाचवं गूळ तयार करण्यावरचं होतं. साहेबरावांनी ते शेतीत घातलं. परीक्षकांनी लिहिलं, 'चूक. हे उत्पादनात जातं, खाद्यपदार्थांत.'

"व्हय," साहेबरावांच्या तोंडून घरचा शब्द गेला. "पण आमच्याकडं ते मागणारा उसाच्या रानातून आलेला असतो साहेब. तो शेतीच्याच कपाटात बघतो."

'नियम नियम आहे,' परीक्षकांनी लिहिलं आणि किंचित हसून त्या पुस्तकाचे निम्मे गुण दिले.

१९७५ साली साहेबराव दुसऱ्या वर्गात पास झाले. सोपानरावांनी प्रमाणपत्राला काच बसवून आणली आणि दारासमोर टांगली. वाचनालयाला वरचा वर्ग मिळाला. तानुबाई एकदा कुरुळीहून मुद्दाम बघायला आली, काचेतल्या कागदावरून तिनं पदर फिरवला आणि म्हणाली, "ह्यात आमचा तवा-विळा बी हाय म्हना की."

पुढच्या काही वर्षांत पुस्तकं साडेचार हजारांवर गेली. हॅमर शॉपमधला चिमाजी म्हणून एक जण रोज येऊन पेपर वाचायचा. एक दिवस साहेबरावांनी त्याला दुसऱ्याशी बोलताना पाहिलं. चिमाजीची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. साहेबरावांनी काही न विचारता कपाटाला कुलूप लावलं, त्याचा दंड धरला आणि त्याला कंपनीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. चिमाजी वाटेत हात सोडवून घेत होता, नोकरी जाईल म्हणत होता. महिनाभरानं त्याची स्टोअरमध्ये बदली झाली. त्यानंतर साहेबरावांनी आणखी तिघांना असंच धरून नेलं. त्यांतला शेवटचा मात्र त्यांच्यावर चिडला, वाचनालयात येणंच त्यानं बंद केलं. ते साहेबरावांना फार दिवस लागून राहिलं.

१९८१ साली वाचनालयाला पक्की इमारत मिळाली आणि समितीनं ठरवलं, आता पदवीधर ग्रंथपाल हवा. साहेबराव साहाय्यक झाले. त्यांच्या खुर्चीवर सुमनताई आल्या, पुणे विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या, सत्तावीस वर्षांच्या. साहेबरावांना वाईट वाटलं नाही असं नाही. सुमनताई यायच्या आदल्या दिवशी त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, आणि तो करायला त्यांना संध्याकाळ पुरली नाही.

पहिल्या सकाळी सुमनताई कपाटांमधून हिंडत होत्या. पाठमोऱ्या उभ्या राहून पुस्तकं बघता बघता त्या काहीतरी विचारत होत्या. मान हलत होती, हात हलत होता.

साहेबराव त्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"ताई, मी ठार बहिरा आहे. माझ्याकडं तोंड करून बोला, म्हणजे सगळं कळेल."

सुमनताई गोंधळल्या, मग नीट त्यांच्यासमोर वळल्या. "मी विचारत होते," त्या एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "गुळावरचं हे पुस्तक शेतीत का ठेवलंय?"

"बसा," साहेबराव म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "ते सांगायला जरा वेळ लागेल."